पगार तुझा, कागदही तुझेच

नोकरी लागली, पेढे वाटून झाले, आणि आता तू गप्प गप्प आहेस. कळतं मला. घाटंजी, आर्णी, महागाव, झरी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुठेही जा. कितीतरी घरांत पगारपत्रकावर नाव येणारी तुझ्यासारखी मुलगी घरातली पहिलीच बाई असते. आईने जन्मभर कष्टच केले, पण रोजमजुरीने. ऑफिसात काय मागायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे घरात विचारणार कुणाला? म्हणून आज जरा निवांत बस माझ्याजवळ.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. तुला कामावर घेऊन कुणी तुझ्यावर उपकार केलेले नाहीत. तू शिकलीस, मुलाखत दिलीस, काम करतेस आणि त्याचा मोबदला घेतेस. हे मनात बसलं नाही की काय होतं, ते मी पाहत आले आहे. मुलगी नेमणूकपत्र मागत नाही, ‘सर काय म्हणतील’ म्हणून. मूळ मार्कशीट, डिग्री संस्थेत जमा करून टाकते, आणि पुढे चांगली संधी आली की त्याच कागदांसाठी हेलपाटे घालते. बाई गं, मूळ कागद दाखवायचे आणि तिथल्या तिथे परत घ्यायचे. ठेवून घ्यायला झेरॉक्स द्यायची. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. हातात पडली त्यापेक्षा जास्त रकमेवर तर मुळीच नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो.

कापूस वेचायला गेलेली बाई संध्याकाळी वजनाच्या वेळी काट्यावरची नजर हलवत नाही. मजुरी किलोवर असते, पावशेर गेला तरी तो तिचा जातो. पगाराची स्लिप तू तशी वाच. बेसिक किती, भत्ते किती, कपात कशाकशाची, ओळ न् ओळ. पीएफचे साधारण १२ टक्के तुझ्याकडून कापले जातात आणि तेवढाच वाटा मालकाने घालायचा असतो. तुझा यूएएन नंबर मागून घे. नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. मोबाईलवर पासबुक उघड आणि कापलेले पैसे खरोखर जमा होतात का ते बघ. आणखी एक, जे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं: एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसायकर माफ आहे. तरी तुझ्या स्लिपवर २०० रुपये कापलेले दिसले, तर अकाउंटवाल्या भाऊंना शांतपणे दाखव. दोनशेचं काय एवढं, असं म्हणू नकोस. वर्षाचे जवळपास अडीच हजार होतात.

आता घरचं. हे बोलायला मलाही जड जातं. पहिला पगार घरात येतो तेव्हा बाबांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं, भावाची फी असते. कर्जाने आपल्या जिल्ह्यातली किती घरं पोळली, हे मी तुला सांगायची गरज नाही. घरी पैसे दे, मनापासून दे. पण पगार तुझ्या खात्यात, एटीएम कार्ड तुझ्या पर्समध्ये आणि घरी द्यायचा आकडा ठरलेला. पोस्टात पाचशेची का होईना, आरडी स्वतःच्या नावाने काढ. घरावर उद्या वेळ आली तर तीच कामी येईल. आपल्या पैशाचा हिशेब आपण ठेवला म्हणून मुलगी परकी होत नाही.

अप-डाऊन करणार असशील तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण गावाकडची शेवटची गाडी चुकली तर ते अर्धं तिकीट काय कामाचं? तुझ्या गाडीची वेळ रुजू होतानाच साहेबांना सांगून ठेव, रडवेली होऊन साडेसहाला नको.

दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत ‘लग्न कधी करणार’ विचारलंच, तर ‘त्याचा माझ्या कामावर परिणाम होणार नाही’ एवढं बोलून थांब. पुढे बाळंतपण आलं तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की. कंत्राटी नोकरीतही ती मागता येते.

आणि कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, रात्री नको ते मेसेज पाठवले, तर? आधी एक ऐक, चूक तुझी नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, हा २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान दुकान, दवाखाना, क्लास असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी द्यायची, तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. मेसेज पुसू नकोस. तातडीला ११२, सल्ल्याला १८१. या कायद्याची मुळं राजस्थानातल्या भंवरीदेवींपर्यंत जातात. त्या सरकारी योजनेत गावपातळीवर काम करत होत्या. बालविवाह अडवला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला, आणि त्या लढ्यातूनच सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला. तुझ्यासारखीच कामाला निघालेली बाई होती ती. तिने किंमत मोजली म्हणून आज तुझ्यामाझ्या हातात कायदा आहे.

मीटिंगमध्ये तोंड उघडायला तू घाबरतेस, आपली वऱ्हाडी ऐकून हसतील म्हणून. जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन भरलं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या त्या. पती शेतकरी, त्यांनी आत्महत्या केलेली, आणि त्या स्वतः अंगणवाडीत मदतनीस. एवढ्या लेखक-कवींपुढे उभं राहून त्या आपल्या जगण्याविषयी ठामपणे बोलल्या. तुझ्यापुढे तर आठ-दहा माणसं बसलेली असतात, आणि ज्या कामाविषयी बोलायचं ते तू रोज करतेस. बोल. कुणी हसलं तरी मुद्दा पुरा कर.

आता माझ्या बरोबरीच्या, नोकरीत मुरलेल्या बायांना एक विनंती. तुमच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात नवी मुलगी रुजू झाली, की पहिल्याच आठवड्यात तिला आपल्यासोबत डबा खायला बसवा. समितीत कोण कोण आहे ते सांगा, पहिली स्लिप तिच्यासोबत वाचा, आणि खोली मिळेपर्यंत चार दिवस आपल्या घरी ठेवून घ्या.