शेतं मोठी झाली, गावं ओस पडली

वर्ग सुटला की आम्ही पारावर बसतो. तिथं एक बोलणं हमखास कानावर येतं. "अमेरिकेतल्या शेतकऱ्यापाशी शेकडो एकर जमीन. भले मोठे ट्रॅक्टर. त्याला कसली आलीय काळजी?"

आम्हांलाही आधी असंच वाटे. मग आम्ही तिथले आकडे वाचले. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

1935 साली अमेरिकेत 68 लाख शेतं होती. एकेक शेत सरासरी 155 एकरांचं. 2022 साली शेतं उरली 19 लाख. सरासरी झाली 463 एकर. म्हणजे दर 100 शेतांपैकी 72 नाहीशी झाली. जी उरली, ती फुगली.

हे कसं घडलं?

आधी शेतात घोडे होते. मग ट्रॅक्टर आला. चौघांचं काम एकटा करू लागला. संकरित बियाणं आलं, पोत्यातलं खत आलं. पीक वाढलं. पण पीक एकट्याचं वाढलं नाही, सगळ्यांचंच वाढलं. बाजारात माल फार झाला, की भाव पडतो. हे तुम्हांला आम्ही काय सांगावं!

भाव पडला, खर्च मात्र चढला. तेव्हा पहिल्याइतकेच पैसे हाती यायचे तर जास्त जमीन हवी. म्हणून एकानं शेजाऱ्याची जमीन घेतली. शेजारी शहरात गेला. सगळेच रडत गेले असं नाही. कित्येकांना कारखान्यात बरी मजुरी मिळाली. पण मागं राहिलेल्याचा फास सुटला नाही. पुढं त्यालाही आणखी जमीन लागली.

1972 साली रशियानं अमेरिकेकडून खूप धान्य घेतलं. भाव एकदम चढले. तिथले शेतीमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना सांगत, होईल तितकं पेरा. जमिनीच्या किमती वाढल्या. बँकांनी कर्जं दिली. लोकांनी ती घेतली.

मग वारं फिरलं. महागाई रोखण्यासाठी व्याज वाढवलं गेलं. 1980 च्या डिसेंबरात मोठ्या बँकांचा दर शेकडा 21 च्या वर गेला. त्याच साली सरकारनं रशियाला धान्य विकण्यावर बंदी घातली होती. पुढं भाव बसले. त्यामागोमाग जमिनीची किंमतही बसली.

आयोवा हा मक्याचा आणि सोयाबीनचा मुलूख. तिथं 1981 साली एकराची सरासरी किंमत 2,147 डॉलर होती. 1986 साली ती 787 डॉलर झाली.

आता हिशेब करून पाहू. समजा, एकानं 1981 साली सगळं कर्ज काढून 100 एकर घेतले.

कर्ज : 2,14,700 डॉलर
1986 साली जमीन विकून आले : 78,700 डॉलर
अंगावर राहिले : 1,36,000 डॉलर

यात व्याज धरलेलं नाही. जमीन गेली आणि कर्जही राहिलं. पुष्कळांच्या घरादाराचे लिलाव झाले. काहींनी जीव दिला. माणसं गेली, तशी गिऱ्हाइकं गेली. दुकानं मिटली. मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद पडल्या. शेत हिरवंगार, पण गाव ओस.

आपल्याकडं वाट निराळी आहे. इथं शेतं वाढत नाहीत, तुकडे होतात. महाराष्ट्रात 1970-71 साली एका खातेदाराकडं सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 साली ती 1.34 हेक्टर झाली. पण फास तोच. बी विकतचं, खत विकतचं, औषध विकतचं, आणि भाव दुसऱ्याच्या हाती.

मग लहान शेतकऱ्यानं करावं काय? जमीन वाढवणं हाती नसेल, तर माणसं जोडावीत. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. ऊस पिकवणारेच मालक झाले. 2002 च्या कायद्यानं दहा शेतकऱ्यांनाही मिळून उत्पादक कंपनी काढता येते. खत एकत्र घ्यावं, माल एकत्र विकावा. मात्र एकी केली म्हणजे झालं असं नाही. हिशेब चोख नसेल, तर सोसायटीही बुडते.

म्हणून अक्षर उपयोगी पडतं. तुम्ही आता वाचू शकता. कर्जाचा कागद पुढं आला, की घाईनं सही करू नका. व्याज किती? ते पुढं वाढू शकतं का? तारण काय लिहिलं आहे? हे तीन प्रश्न कागदावरच शोधा. सापडलं नाही तर विचारा. विचारायची लाज धरू नका. अंगठ्याचे दिवस गेले, बरं का.

विचार करा

1. सगळ्यांचं पीक वाढलं, तरी शेतकऱ्याच्या हाती पैसे का राहिले नाहीत?
2. शेत मोठं झालं, तर गाव का ओस पडलं?
3. गेल्या हंगामात बी, खत आणि औषध यांवर तुमचा किती खर्च झाला? वहीत लिहा आणि बेरीज करा.