जुन्या एंजिनाची पारख

मोटारीचे एंजिन पार झिजले की मालकापुढे दोन वाटा असतात. एंजिन उघडून सिलिंडर पुन्हा बोअर करून घ्यायचे, नाही तर मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे चालू एंजिन विकत आणून बसवायचे. दुसरी वाट झटपट असते, पण तीत फसगतीची भीती फार. रंग देऊन चकचकीत केलेल्या एंजिनाच्या पोटात काय दडले आहे, हे कसे ओळखावे?

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी ही मोटार घेऊ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ सालापर्यंत धावत होती. तिच्या पेट्रोल एंजिनात चार सिलिंडर असत. प्रत्येकाचा व्यास ६·८ सेंमी. व दट्ट्याची धाव ७·५ सेंमी. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून चौघांची एकूण क्षमता काढून पाहा. ती सुमारे १,०८९ घ.सेंमी. येईल.

आता समजा, दट्ट्या वर येताना आतील वायू मूळ घनफळाच्या एक-अष्टमांशात दाबला जातो. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब आठपट व्हावा. पण तो नियम तापमान स्थिर असेल तरच लागू पडतो. येथे वायू इतक्या झपाट्याने दाबला जातो की उष्णतेला बाहेर पडण्यास सवड मिळत नाही. (सायकलच्या पंपाचे टोक का तापते, ते आठवा.) त्यामुळे आदर्श परिस्थितीत दाब सुमारे अठरापट होईल. प्रत्यक्षात थोडा वायू निसटतो, थोडी उष्णता भिंती शोषून घेतात, शिवाय आत घेणारी झडप जरा उशिरा मिटते. म्हणून चांगल्या एंजिनातही दाबमापक दर चौ.सेंमी.ला सुमारे १० किलोग्रॅमच दाखवतो.

चाचणी सोपी आहे. सर्व स्पार्क प्लग काढावेत, एका भोकात दाबमापक बसवावा, हवेची वाट पूर्ण उघडी ठेवावी आणि स्टार्टरने एंजिन फिरवावे. विक्रेता एवढ्यासाठी बॅटरी जोडून देत नसेल, तर ते एंजिन तिथेच सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, तीन सिलिंडरांत १० आणि चौथ्यात ६ भरले. दाब गळतो कोठून? प्लगच्या भोकातून चमचाभर एंजिन ऑइल आत सोडा व पुन्हा मोजा. तेल दट्ट्याभोवती पसरून रिंग आणि भिंत यांमधली फट बुजवते. दाब बराच वाढला, तर झीज तेथेच आहे. वाढला नाही, तर दोष वर, म्हणजे झडपांत किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये असणार. झडपा घासून बसवता येतात आणि गॅस्केट बदलता येते. पण सिलिंडर झिजलेले एंजिन घेणे म्हणजे आपलेच दुखणे पैसे मोजून पुन्हा घरी आणणे होय.

ही झीज सिलिंडरच्या वरच्या टोकाशी सर्वांत जास्त असते. तेथे दट्ट्या क्षणभर थांबतो, त्यामुळे तेलाचा पातळ थर तुटतो. उष्णताही तेथेच अधिक. हेड उघडलेले असेल, तर भिंतीवरून नख वर सरकवून पाहा. नख अडकावे एवढी कड लागली, तर एंजिन खूप चाललेले आहे.

विकत घेण्यापूर्वी एंजिनावर कोरलेला क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा. तो गाडीच्या नोंदणीतही असतो. एंजिन बदलल्यावर परिवहन कार्यालयाच्या मान्यतेने ती नोंद बदलून घ्यावी लागते.