रामन यांच्या खिशातला लोलक

प्रश्न : मी अकरावी विज्ञानला आहे. भौतिकशास्त्राची सूत्रं पाठ आहेत, गणितं सुटतात, चाचणीत गुणही चांगले पडतात. पण धाकट्या भावाने 'म्हणजे नेमकं काय होतं?' असं विचारलं की मला सांगता येत नाही. मोठे भौतिकशास्त्रज्ञ कसे शिकायचे? — एक विद्यार्थिनी, यवतमाळ

उत्तर : धाकट्या भावाला असेच प्रश्न विचारू दे. त्याच्याइतका चांगला परीक्षक तुला कुठल्याही शिकवणी वर्गात मिळणार नाही.

बारावीत तुला ब्रूस्टरचा नियम शिकायचा आहे. पाण्यासारख्या पृष्ठभागावरून ठरावीक कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवीभूत होतो, म्हणजे एकाच दिशेत कंप पावतो, असं तो सांगतो. रिचर्ड फाइनमन हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ 1950 नंतरच्या काळात ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोला शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांना हा नियम आणि त्याचं सूत्र तोंडपाठ होतं. फाइनमन यांनी त्यांना एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या पोलरॉइडच्या पट्ट्या देऊन ध्रुवीभूत प्रकाशाबद्दल विचारलं, तर सगळे गप्प. खिडकीबाहेर उपसागराचं पाणी चमकत होतं. त्या पाण्याकडे पट्टीतून बघा, पट्टी फिरवा, असं सांगितल्यावर मुलं चकित झाली. पुस्तकातलं 'पृष्ठभाग' म्हणजे हे समोरचं पाणी, हे तोवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आता हाच नियम दुसऱ्या माणसाच्या हाती काय करतो ते बघ. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना झपाटून टाकलं. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रॅले म्हणजे 1904 चे नोबेल मानकरी. आकाश निळं का दिसतं, हे सांगणारे. रामन यांच्याजवळ निकोल लोलक होता. तो पोलरॉइडचंच काम करतो. त्यांनी ब्रूस्टरच्या कोनातून पाण्याकडे पाहिलं, लोलक फिरवून पृष्ठभागावरची चमक घालवली. आकाशाचं प्रतिबिंब गेलं, तरी पाणी निळंच राहिलं. म्हणजे तो रंग पाण्याच्या आतून येत होता, पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशातून. तिथून सुरू झालेलं काम 28 फेब्रुवारी 1928 च्या रामन परिणामापर्यंत गेलं आणि 1930 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

रिओतल्या मुलांना आणि रामन यांना नियम एकच ठाऊक होता. फक्त रामन यांनी समोर पाणी दिसताच तो वापरला, आणि तोही एका मोठ्या माणसाचं मत तपासायला. तुझ्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर आहे.

आपल्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. मुलं स्वाक्षरीसाठी गर्दी करायची, तेव्हा ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन आणि त्याखाली स्वाक्षरी असेल. 'आयुका'सारखी संस्था उभारणाऱ्या माणसाने पोस्टकार्डांना उत्तरं लिहिण्यात वेळ घालवला, कारण स्वाक्षरी हवी तर मुलाला आधी स्वतःचा प्रश्न शोधावा लागे. मे 2025 मध्ये ते गेले. त्यांचं विज्ञानावरचं मराठी लेखन जरूर वाच. अवघड गोष्ट घरच्या भाषेत कशी सांगायची, हे त्यातून कळतं. भावाला सांगताना तूही वऱ्हाडीतच सांग. इंग्रजी संज्ञा काढून घेतल्यावर जेवढं सांगता येईल, तेवढं तुझं झालं.

आता तुझ्यासाठी यवतमाळातलाच एक प्रयोग. सूर्य रोज बारा वाजता डोक्यावर येतो, असं सगळेच म्हणतात. ते खरं नाही. यवतमाळचा अक्षांश सुमारे 20.4 अंश उत्तर. सूर्य बरोबर डोक्यावर इथे वर्षातून दोनदाच येतो, साधारण 22 मे आणि 21 जुलैला. उमरखेड दक्षिणेला असल्याने तिथे मे महिन्यातला हा दिवस चारेक दिवस आधीच येतो. गच्चीवर एक मीटरची सरळ सळई उभी कर; गवंड्याकडून ओळंबा आणून ती अगदी उभी आहे ना, ते बघ. 22 मे रोजी भर दुपारी सळईची सावली नाहीशी होईल.

त्याच दिवशी हैदराबादला कुणी नातेवाईक असेल तर त्यांनाही तसंच करायला सांग. हैदराबाद आपल्या जवळजवळ थेट दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे 335 किलोमीटरवर आहे. तिथे तेव्हा भर दुपारी सळईची सावली पाच सेंटिमीटरच्या आसपास भरेल, आणि दक्षिणेकडे पडेल. त्यावरून कोन काढ, सुमारे 3 अंश येईल. वर्तुळाचे 360 अंश म्हणजे असे 120 भाग. 335 ला 120 ने गुण : पृथ्वीचा परीघ, सुमारे 40,000 किलोमीटर. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने हाच हिशेब केला होता.

आणखी एक. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. यवतमाळ 78.1 अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार 12 वाजून साडेसतरा मिनिटांनी व्हायला हवी. पण 22 मे रोजी सावली नाहीशी होईल ती 12.14 च्या सुमारास. साडेतीन मिनिटं कुठे गेली? आणि 21 जुलैला ढगांनी सूर्य दिसू दिला, तर तेव्हा वेळ 12.24 येईल. हे उत्तर मी देत नाही. तू आणि भाऊ मिळून शोधा, आणि सापडलं की आम्हाला कळवा.