गाडी मिसिंग का मारते?

नाशिकहून मुंबईला जाताना इगतपुरीच्या पुढे कसाऱ्याचा घाट लागतो. जाताना उतार, येताना चढ. जुनी मोटार कळते ती येताना. सपाट रस्त्यावर नीट धावणारी गाडी चढावर आचके देऊ लागते. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी मिसिंग मारतेय." मागून भरलेला ट्रक येत असतो. गाडीत बायकामुले असतात. अशा वेळी गाडीला जोर नसेल, तर जिवाचा प्रश्न होतो.

मिसिंग म्हणजे काय, ते आपण पद्मिनी गाडीवरून पाहू. हिला पुष्कळ लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत. ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. पण कुणाच्या अंगणात अशी गाडी अजून उभी असते, आणि मालकाचा तिच्यावर जीव असतो.

हिच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. नांगराला चार बैल जुंपावेत, तसे. प्रत्येक सिलिंडरात पेट्रोल व हवा शिरते. पिस्टन ती दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते आणि भडका होतो. त्या भडक्याने गाडी ओढली जाते. चौघे एकदम पेटत नाहीत. पाळी ठरलेली आहे : १-३-४-२. एखाद्याची पाळी फुकट गेली, की मिसिंग झाले. एक बैल नुसता चालतो, ओढत नाही. त्याचा भार बाकीच्या तिघांवर पडतो.

अशी गाडी फार दिवस दामटू नये. न जळलेले पेट्रोल सिलिंडरातले तेल धुऊन नेते व खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळते. दहा रुपयांचे दुखणे मग हजारांवर जाते.

आधी कान द्यावा. गाडी स्लोवर चालू ठेवून सायलेन्सरचा आवाज ऐकावा. फट-फट-फट-फुस, फट-फट-फट-फुस, असा नेमाने एकच ठोका चुकतो का? मग दोष एकाच सिलिंडरात आहे. ठोके कसेही, बिनहिशेबी चुकतात का? मग दोष चौघांच्या सामाईक गोष्टीत आहे. हा फरक कळला, की अर्धे काम झाले.

एकच ठोका चुकत असेल, तर तो सिलिंडर शोधू या. गिअर काढून हँडब्रेक ओढावा. चारही वायरींवर १, २, ३, ४ असे आकडे चिकटवावेत. रेडिएटरकडून मोजावे. वायरींची अदलाबदल झाली तर चांगली गाडीही खोकत बसेल. आता इंजिन बंद करून पहिल्या प्लगची वायर काढावी. तिचे टोक कार्बोरेटरपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवून ठेवावे. मग इंजिन सुरू करावे. आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला! नाही सापडला, तर इंजिन बंद करून ती वायर परत लावावी व पुढची काढावी. मिस्त्री लोक चालत्या इंजिनावर वायर ओढतात. आपण ती नक्कल करू नये. त्या वायरीत हजारो व्होल्टचा करंट असतो. पदर, उपरणे, सैल बाही पंख्यापासून दूर असावी.

समजा, तिसरा सिलिंडर मेलेला निघाला. इंजिन निवू द्यावे. मग तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात व दुसऱ्याचा तिसऱ्यात घालावा. दोष प्लगबरोबर दुसऱ्यात गेला, तर प्लग खराब. दोष तिसऱ्यातच राहिला, तर तिथली वायर बदलून पाहावी. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी असला तर बरे आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. ओला, तेलकट काळा म्हणजे आत ऑइल चढते. ते दुखणे मोठे.

पावसाळ्यात इगतपुरीकडे वेगळीच गंमत होते. दमट हवेत करंट भलतीकडे पळतो. अंधारात बॉनेट उघडून पाहावे, वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. इंजिन बंद करून वायरी व डिस्ट्रिब्यूटरची टोपी कोरड्या फडक्याने पुसावी. टोपीला तडा असेल तर बदलावी.

ठोके बिनहिशेबी चुकत असतील, तर डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, कंडेन्सर व कॉइल तपासावी. पेट्रोलचाही दोष असतो. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते व जुन्या रबरी नळ्या खराब करते. त्यांचा कचरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. मे महिन्यात घाटात पंपातले पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि गाडी दम टाकते. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकीत, ते याचसाठी.

नव्या, इंजेक्शनच्या गाडीत मात्र असे वायरी काढून पाहू नये.

प्लग, वायर, पेट्रोल सारे ठीक, तरी तिसरा मेलेलाच? मग तिथे दाब धरत नसेल. व्हॉल्व्ह जळला असेल किंवा रिंग झिजली असेल. आता मिस्त्रीकडे जावे. पण "गाडी बघा जरा" एवढेच सांगू नये. सांगावे, "दादा, तिसरा मारत नाही. प्लग आणि वायर बदलून पाहिली. आधी तिसऱ्याचा दाब मोजा, मग इंजिन खोलायचं बोलू."