बाजरीचा दाणा आणि आकाशातील दगड

शाळेच्या मैदानावर करण्यासारखा एक सोपा प्रयोग सांगतो. साहित्य फारसे लागत नाही: एक फुटबॉल, बाजरीचा एक दाणा, एक काचेची गोटी, एक वाटाणा आणि अंतर मोजण्यासाठी टेप.

फुटबॉलचा व्यास सुमारे २२ सेंटीमीटर असतो. हा आपला सूर्य समजा. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या १०९ पट आहे. म्हणून या प्रमाणात पृथ्वी २ मिलिमीटरची, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी होते. आता हा दाणा फुटबॉलपासून किती दूर ठेवायचा? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले दोन-तीन हात पुढे येऊन थांबतात. खरे उत्तर आहे साडेतेवीस मीटर. चंद्र हा अर्ध्या मिलिमीटरचा रव्याचा कण. तो दाण्यापासून ६ सेंटीमीटरवर ठेवा. माणूस आजवर स्वतः जाऊन आला आहे तो एवढेच अंतर! गुरू म्हणजे ती गोटी. ती सुमारे १२२ मीटरवर जाईल. नेपच्यून हा वाटाणा ठेवायला शाळेच्या फाटकाबाहेर पडून ७०० मीटर चालावे लागेल.

आणि सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा? त्याचे नाव प्रॉक्झिमा सेंटॉरी. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाचार वर्षे लागतात. आपल्या प्रतिकृतीत तो सुमारे ६,३०० किलोमीटरवर येतो. फुटबॉल मुंबईत ठेवला, तर शेजारचा तारा इटलीत, रोम शहराच्याही थोडा पलीकडे! १९७७ साली पृथ्वीवरून निघालेले व्हॉयेजर-१ हे यान आजवरच्या सर्व मानवनिर्मित वस्तूंमध्ये सर्वात दूर गेलेले आहे. २०२५ साल संपताना ते आपल्या या प्रतिकृतीत जेमतेम ४ किलोमीटरवर पोहोचले होते. पृथ्वीवर काही बिघडले तर दुसऱ्या एखाद्या ताऱ्याकडे निघून जाऊ, असे म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगावा.

अवकाश म्हणजे मुख्यतः रिकामी जागा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून याने दगड चुकवत वेडीवाकडी धावतात, हे दृश्य चित्रपटापुरतेच खरे. त्या पट्ट्यातील सर्व दगडधोंडे गोळा केले तरी चंद्राच्या वस्तुमानाच्या शेकडा तीन टक्क्यांच्या आसपासच भरतील. पायोनियर-१० हे यान १९७२-७३ मध्ये हा पट्टा ओलांडून सुखरूप गुरूकडे गेले, आणि त्यानंतरची यानेही तशीच गेली.

मग या रिकामेपणात बाजरीच्या दाण्यावर धुळीचा एखादा कण नेमका येऊन आदळण्याची भीती कशासाठी बाळगायची? आणखी एक हिशेब पाहा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. स्वतःच्या व्यासाएवढे, म्हणजे १२,७४२ किलोमीटर अंतर कापायला तिला जेमतेम ७ मिनिटे लागतात. एखादा दगड तिच्या कक्षेला छेद देत असेल, तरी त्या ७ मिनिटांत तो नेमका तेथे आला पाहिजे. अर्धा तास लवकर किंवा उशिरा आला तर टक्कर नाही. एवढ्या अरुंद फटीमुळे आपण बहुतेक वेळा वाचतो. परंतु पृथ्वीचे वय ४५० कोटी वर्षे आहे. इतक्या काळात दुर्मिळ घटनासुद्धा अनेकदा घडून जातात.

याचा पुरावा पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा जवळजवळ गोल खड्डा, सभोवती उचलल्यासारखा काठ, आणि तळाशी खारट, अल्कधर्मी पाणी. दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, असा खड्डा पाहून तो ज्वालामुखीचे मुख असावा असे पुष्कळ काळ मानले जाई. १९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी तेथील खडकांत मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडल्याचे प्रसिद्ध केले. फेल्डस्पार या खनिजावर क्षणार्धात प्रचंड दाबाची लाट गेली म्हणजे त्यातील अणूंची स्फटिकरचना मोडते आणि ही काच बनते. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माण होत नाही. म्हणजे लोणारचे विवर आघाताने झालेले आहे, हे निश्चित झाले. त्याच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही: एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, तर आर्गॉन वायूच्या मोजमापावरून सुमारे ५ लाख ७० हजार. चंद्राच्या तोंडावर असे व्रण कोट्यवधी वर्षे टिकतात, कारण तेथे पाऊस नाही आणि वारा नाही. आपल्याकडे ते झिजतात, गाळाने भरतात, भूकवचाच्या हालचालींत गडप होतात. संपूर्ण पृथ्वीवर आज अशी सुमारे २०० विवरेच ओळखता आली आहेत.

एक दगड एवढा मोठा खड्डा कसा पाडतो? येथे नववीच्या पुस्तकातले गतिज ऊर्जेचे सूत्र पुरते. १ किलोग्रॅम वस्तुमान सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येत आहे असे धरा. अर्धे गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे २० कोटी जूल. १ किलो टीएनटी या स्फोटकातून सुमारे ४२ लाख जूल ऊर्जा मिळते. म्हणजे प्रत्येक किलो दगड सुमारे ४८ किलो टीएनटीच्या बरोबरीचा झाला! त्या दगडात स्फोटक असे काहीच नाही. सारी करामत वेगाची, आणि सूत्रात वेगाचा वर्ग आहे म्हणून. आता ६० मीटर व्यासाचा दगड घ्या. घनता पाण्याच्या तिप्पट धरली तर त्याचे वस्तुमान सुमारे ३ लाख ४० हजार टन भरते. ४८ ने गुणा: दीड कोटी टनांहून अधिक टीएनटी. हिरोशिमावर १९४५ मध्ये पडलेला बॉम्ब सुमारे १५ हजार टनांचा होता. भागाकार तुम्हीच करा. उत्तर हजाराच्या थोडे वर येईल.

याहून खूप लहान दगडही त्रास देतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे २० मीटर व्यासाचा दगड वातावरणात शिरला आणि जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. गंमत अशी की, त्याच दिवशी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्याच एका लघुग्रहावर डोळा ठेवून होते. तो पृथ्वीजवळून जाणार हे आधीच ठाऊक होते आणि तो तसा निघूनही गेला. हा मात्र सूर्याच्या दिशेने आला, म्हणून कोणत्याच दुर्बिणीला दिसला नाही. सुमारे १,५०० माणसे जखमी झाली, आणि बहुतेक जण खिडक्यांच्या काचांमुळे. प्रकाश तत्काळ पोहोचतो, पण धक्क्याची लाट हवेतून येते. तिला मिनिट-दोन मिनिटे लागली. तेवढ्यात झगमगाट कसला हे पाहायला लोक खिडकीशी येऊन उभे राहिले होते. तेथील एका प्राथमिक शाळेतील शिक्षिकेने मात्र प्रकाश दिसताच वर्गातील ४४ मुलांना बाकांखाली बसायला सांगितले. मुलांना इजा झाली नाही; त्या बाई स्वतः काचेने कापल्या गेल्या. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा का येतो, हा धडा आपण परीक्षेपुरता वाचतो. शिक्षकांनी तो शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

मग यावर उपाय काय? चित्रपटात शेवटच्या क्षणी बॉम्ब लावून दगड उडवतात. भौतिकशास्त्र सांगते त्या उपायात इतका आवाज नाही. १० वर्षे म्हणजे सुमारे साडेएकतीस कोटी सेकंद. टकरीच्या १० वर्षे आधी दगडाच्या वेगात सेकंदाला फक्त २ सेंटीमीटरचा फरक केला, तर साध्या गुणाकाराने तो ६,३०० किलोमीटर सरकतो. ही जवळजवळ पृथ्वीची त्रिज्या झाली. प्रत्यक्षात वेग बदलला की कक्षा आणि प्रदक्षिणेचा काळही बदलतो, त्यामुळे फरक याहून बराच मोठा पडतो. २ सेंटीमीटर म्हणजे गोगलगायीला शोभेल असा वेग. परंतु तो वेळेवर दिला पाहिजे. तोच धक्का एक आठवडा आधी दिला तर दगड १२ किलोमीटरच सरकेल.

असा धक्का देता येतो हे आता करून पाहिलेले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेचे डार्ट हे सुमारे ५८० किलोग्रॅमचे यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटर व्यासाच्या लघुग्रहावर सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने मुद्दाम आदळवले गेले. डायमॉर्फस हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. आता तो सुमारे ३३ मिनिटे लवकर फेरी पूर्ण करतो. त्याच्या वेगातील बदल होता सेकंदाला २.७ मिलिमीटर. यानाच्या स्वतःच्या संवेगाने एवढा बदल झाला नसता. आघाताने उडालेली माती-दगड मागे फेकले गेले आणि त्यांच्या प्रतिक्रियेने धक्का कितीतरी वाढला. न्यूटनचा तिसरा नियम! आता हाच धक्का आपल्या ६० मीटरच्या दगडाला दिला तर? व्यासांच्या गुणोत्तराचा घन करा: त्याचे वस्तुमान सुमारे १९ पट कमी. बाकी परिस्थिती तीच राहिली असे धरले तर वेगातील बदल सेकंदाला ५ सेंटीमीटर होईल. म्हणजे १० वर्षे हातात असतील तर एक डार्ट पुरे.

अट एकच, दगड आधी दिसला पाहिजे. १ किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळ येणारे बहुतेक लघुग्रह शोधून झाले आहेत. परंतु १४० मीटरहून मोठे जे असावेत असा अंदाज आहे, त्यांतले निम्म्याहून कमीच सापडले आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये २०२४ वायआर४ नावाचा असाच एक, सुमारे ६० मीटरचा, सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, आणि जेथे तो पडू शकला असता त्या पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाचा काही भागही होता. महिना संपण्याआधीच शक्यता जवळजवळ शून्यावर आली. तेव्हा पुष्कळांनी शास्त्रज्ञांची थट्टा केली: आधी घाबरवतात, मग हात झटकतात. ती थट्टा अज्ञानाची होती. क्रिकेटमध्ये चेंडू उंच उडाला की प्रथम तो अर्ध्या मैदानात कोठेही पडेल असे वाटते. नजर स्थिर होते तसतसे संभाव्य वर्तुळ लहान होते. तुम्ही त्या वर्तुळात उभे असाल तर वर्तुळ आकसताना चेंडू तुमच्याकडे येण्याची शक्यता वाढत जाते. आणखी आकसले आणि तुम्ही बाहेर राहिलात की ती एकदम शून्य होते. निरीक्षणे वाढली की शक्यता आधी चढून मग कोसळते, ती अशी.

यापुढची एक तारीख वहीत लिहून ठेवा: १३ एप्रिल २०२९, भारतीय वेळेनुसार १४ एप्रिलची पहाट. सुमारे ३४० मीटरचा अपोफिस हा लघुग्रह त्या दिवशी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात, म्हणजे हा त्यांच्याही आतून जाणार. तो आदळणार नाही, हे मोजून निश्चित झालेले आहे; पुढची किमान १०० वर्षे तरी त्याच्यापासून धोका नाही. मैदानावरच्या आपल्या प्रतिकृतीत तो बाजरीच्या दाण्यापासून सुमारे ५ मिलिमीटरवरून गेला असे होईल. त्याचा स्वतःचा आकार त्या प्रतिकृतीत किती येईल, हे गणित तुमच्यासाठी सोडतो. उत्तर मिलिमीटरमध्ये न काढता मायक्रोमीटरमध्ये काढा, सोपे जाईल.