संगणकातील डोंगर आणि नद्या

(डोंगर झिजतात, नद्या गाळ वाहून नेतात आणि समुद्रकाठी नवी जमीन तयार होते. हे बदल फार सावकाश होतात. ते समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ संगणकाची आणि इंटरनेटची मदत कशी घेतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

पावसाळ्यात रस्त्याकडेला पडलेला मातीचा ढीग तुम्ही पाहिला असेल. पहिल्या सरीनंतर त्याच्यावर बारीक घळी पडतात. माती खाली वाहते आणि पायथ्याशी पंख्यासारखी पसरते. आठ दिवसांत ढिगाचे टोक बोथट होते. डोंगरांचेही असेच होते. फरक एवढाच, की ढिगाला आठ दिवस लागतात, तर डोंगराला लाखो वर्षे!

मग हा बदल माणसाने पाहावा कसा? त्याला कोणाचेही आयुष्य पुरणार नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकात डोंगर उभा करतात, त्यावर पाऊस पाडतात आणि हजारो वर्षांचा हिशेब थोड्या वेळात करतात. अशा मांडणीला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात.

हे काम कसे चालते ते पाहू. गणिताच्या वहीतील चौकटींचा कागद डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चौकट म्हणजे जमिनीचा एक तुकडा. त्या चौकटीत त्या जागेची उंची लिहायची. मग संगणकाला काही नियम सांगायचे. पहिला नियम असा, की पाणी शेजारच्या आठ चौकटींपैकी सर्वांत तीव्र उताराच्या दिशेने वाहते. दुसरा नियम असा, की पाणी जास्त आणि उतार तीव्र असेल तर झीजही जास्त होते. तिसरा नियम म्हणजे उतारावरची माती हळूहळू खाली सरकते. डोंगरमाथे गोलाकार का असतात, याचे कारण ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने 1909 साली मातीच्या या सरकण्यावरूनच सांगितले होते.

तिसरा नियम तुम्ही स्वतः करून पाहू शकता. एका ओळीत पाच चौकटी काढा. त्यांत 0, 0, 10, 0, 0 अशा उंची लिहा. ही झाली तुमची टेकडी! आता शेजारच्या दोन चौकटींच्या उंचीत जो फरक असेल, त्याचा दहावा भाग उंच चौकटीतून सखल चौकटीत टाका. पहिल्या फेरीनंतर 0, 1, 8, 1, 0 असे आकडे येतील. दुसऱ्या फेरीनंतर 0.1, 1.6, 6.6, 1.6, 0.1 असे येतील. टेकडी बसत चालली, पण बेरीज दोन्ही वेळा 10 च राहिली. माती हरवली नाही, तिने फक्त जागा बदलली. तुम्ही पाच चौकटी सोडवता, संगणक लाखो चौकटी सोडवतो. नियम तोच!

पूर्वी असे प्रतिमान ज्याने लिहिले, त्यालाच ते नीट चालवता येई. एकाचे प्रतिमान नदीचे, दुसऱ्याचे समुद्रकिनाऱ्याचे. दोन्ही निरनिराळ्या संगणकभाषांत लिहिलेली. एक मीटरमध्ये मोजे, दुसरे फुटांत. ती एकमेकांशी बोलणार कशी? ही अडचण दूर करण्यासाठी 2007 साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'कम्युनिटी सरफेस डायनॅमिक्स मॉडेलिंग सिस्टिम' नावाची संस्था सुरू झाली. जेम्स सिव्हित्स्की हे तिचे पहिले संचालक होते. प्रत्येक प्रतिमानाने सुरू हो, एक पाऊल पुढे जा, माहिती दे, माहिती घे, थांब, अशा ठरावीक आज्ञा पाळाव्यात, असा नियम या संस्थेने घातला. दोन भाषांची माणसे एक समान भाषा शिकली की त्यांचा व्यवहार सुरू होतो, तसेच हे झाले.

पुढे या संस्थेने 'वेब मॉडेलिंग टूल' नावाचे साधन तयार केले. इंटरनेटवरील त्या पानावर प्रतिमान निवडायचे, दुसरे त्याला जोडायचे, पावसाचे व उंचीचे आकडे भरायचे आणि आज्ञा द्यायची. आकडेमोड दूरच्या शक्तिशाली संगणकावर होई. नंतर 'लँडलॅब' हा पायथन भाषेतील मोफत संच आला. त्याचे धडे आता इंटरनेटवरील संगणकीय वहीत उघडतात. त्या वहीत स्पष्टीकरण, आज्ञा आणि नकाशा एकाच ठिकाणी असतात. आकडा बदलला, आज्ञा पुन्हा चालवली, की नकाशाही बदलतो.

तुम्ही विचाराल, याचा माणसाला काय उपयोग? उपयोग मोठा आहे. नदीच्या मुखाशी गाळाने त्रिभुज प्रदेश बनतो. तेथे शेते, गावे आणि शहरे असतात. धरणांत गाळ अडतो, जमिनीखालून पाणी, तेल व वायू उपसले जातात आणि समुद्राची पातळी वाढते. त्यामुळे अनेक त्रिभुज प्रदेश खचत आहेत. सिव्हित्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली जगातील 33 त्रिभुज प्रदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 85 टक्के प्रदेशांत त्याआधीच्या दहा वर्षांत मोठे पूर आले होते. या 33 मध्ये सिंधू, गंगा, गोदावरी आणि कृष्णा यांचे त्रिभुज प्रदेशही होते. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ आणि कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. म्हणजे आपल्या सह्याद्रीची माती आंध्र प्रदेशातील शेतकऱ्याची जमीन घडवते!

'हायड्रोट्रेंड' या प्रतिमानात खोऱ्याची उंची, तापमान, पाऊस आणि धरणे यांची माहिती भरली, की नदी रोज किती पाणी व गाळ आणील याचा अंदाज मिळतो. धरण आहे आणि धरण नाही, असे दोन्ही प्रकारे हिशेब करून पाहता येतो. खऱ्या नदीवर असा प्रयोग करता येईल का? नाही.

मात्र एक गोष्ट विसरू नका. प्रतिमान म्हणजे निसर्ग नव्हे. चुकीचे आकडे भरले तर उत्तरही चुकीचेच येते, मग नकाशा कितीही सुंदर दिसो. म्हणून शास्त्रज्ञ संगणकाचे उत्तर नदीकाठी घेतलेल्या मोजमापाशी ताडून पाहतात. प्रश्न विचारणे आणि उत्तर तपासणे, ही दोन्ही कामे शेवटी माणसाचीच आहेत.

शब्दार्थ
घळ – पाण्याने पडलेली खोल चर
बोथट – धार किंवा टोक नसलेले
सखल – उंचीने कमी असलेले
गाळ – पाण्याबरोबर वाहून आलेली बारीक माती
त्रिभुज प्रदेश – नदीच्या मुखाशी गाळाने बनलेली जमीन
ताडून पाहणे – तुलना करून तपासणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रतिमान म्हणजे काय?
(आ) कृष्णा नदीचा उगम कोठे होतो?
2. कारणे द्या.
(अ) अनेक त्रिभुज प्रदेश खचत आहेत.
(आ) संगणकाचे उत्तर ताडून पाहावे लागते.
3. पाठातील टेकडीची तिसरी फेरी सोडवा. बेरीज 10 येते का ते पाहा.
4. जमीन, नकाशा, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उच्चार दोन्ही भाषांत कसे होतात ते सांगा. पाठातून असे आणखी शब्द शोधा.