जनावरांच्या औषधाचा दोष शोधण्याची रीत

माढा तालुक्यांत ऊस व डाळिंब यांजबरोबर दुभत्या जनावरांचाहि मोठा आधार आहे. गाय तापली किंवा कास सुजली कीं तिला वेदनाशामक सुई टोंचली जाते. त्या औषधापासून कोणास काय अपाय होतो, हें आतां मोबाइलवर स्वतः पाहतां येतें. मात्र प्रश्न नीट विचारावा लागतो.

'पबमेड' हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा निबंधसंग्रह सर्वांस फुकट खुला आहे. शोध इंग्रजींत करावयाचा. औषधाचें बाजारी नांव घालूं नये; बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलें मूळ द्रव्य घालावें. शोधाचे शब्द अँड, ऑर व नॉट यांनीं जोडावे, व हे तिन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावे. यांमागील तर्क जॉर्ज बूल या इंग्रज गणित्यानें १८५४ सालच्या ग्रंथांत मांडला. 'अँड' म्हणजे दोन्ही गोष्टी असलेलेच निबंध, 'ऑर' म्हणजे दोहोंपैकीं कोणतीहि असलेले, आणि 'नॉट' म्हणजे ती गोष्ट असलेले वगळून बाकीचे.

उदाहरणार्थ डायक्लोफेनॅक घ्या. नुसतें नांव घातल्यास माणसांवरील हजारों निबंध पुढें येतात. म्हणून 'डायक्लोफेनॅक अँड (व्हल्चर ऑर जिप्स)' असें लिहावें. व्हल्चर म्हणजे गिधाड, व जिप्स हें आपल्याकडील कांहीं गिधाडांच्या प्रजातीचें शास्त्रीय नांव. कंस विसरूं नये. हा संग्रह डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळें कंसावांचून जिप्सवरील सर्वच निबंध, औषधाशीं संबंध नसलेलेहि, गोळा होतात. नीट शोधल्यास पाकिस्तानांतील संशोधनाचा २००४ सालचा निबंध सांपडतो. हें औषध टोंचल्यावर लवकरच मेलेल्या गुराचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, असें त्यांत दाखविलें आहे. गांवाबाहेर टाकलेलें मढें साफ करणारीं गिधाडें दिसेनाशीं कां झालीं, त्याचें हें उत्तर. भारत सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं तें बंद केलें.

'नॉट' मात्र फार जपून वापरावा. माणसांवरील निबंध टाळण्यासाठीं 'नॉट ह्यूमन' लिहिण्याचा मोह होतो. पण बंदीनंतर माणसांसाठींच्या मोठ्या कुप्याच गुरांना टोंचल्या जाऊं लागल्या, व म्हणून २०१५ सालीं माणसांच्या कुपीवर ३ मिलिलिटरची मर्यादा आली. ही हकीकत सांगणाऱ्या निबंधांत 'ह्यूमन' शब्द असावयाचाच. 'नॉट'सरशी ते गळतात, आणि आपल्या गोठ्याशीं संबंध असलेला भाग नेमका तोच!

हीच रीत इतर द्रव्यांस लावावी. ॲसिक्लोफेनॅक गुराच्या शरीरांत जाऊन डायक्लोफेनॅकच बनतें. तें व केटोप्रोफेन हीं दोन्ही २०२३ सालीं जनावरांसाठीं बंद झालीं. मेलोक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरलें आहे. सुई टोंचण्यापूर्वीं त्याविषयीं पशुवैद्यास विचारावें.